केवलरामचं फोल्डर खाली आहे

साइट कॅम्प, अरुणाचल
८ ऑक्टोबर २०२३

आत्या,

दुरूनच तुझ्या पाया पडतो. नववीत शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं का आता जन्मात निबंध लिहावा लागणार नाही. आता तू कॉम्प्युटर शिकून राहिली अन् तुझा होमवर्क माझ्या डोक्यावर आला. "पत्र लिही, मले वाचायची प्रॅक्टिस होईल," म्हणे. घे मग.

इथं फोन लागत नाही. मेसच्या मागं टेकाड आहे, त्याच्यावर उभं राहिलं का दहा-पंधरा मिनिटं सिग्नल येते, तेवढ्यात लिहिलेलं सरकते. खोलीत आम्ही बारा जण. कोणी काही बोललं का बाराही जण ऐकतात. पण मराठी लिहिलेलं कोणाले समजत नाही, म्हणून लिहिणंच बरं. एकानं विचारलं, "लव्ह लेटर?" मी म्हटलं, "बुआ को." तर म्हणे, "झूठे."

नदीवर पूल होऊन राहिला. आमचं काम वरच्या टॉवरवर, लोखंड चढवायचं, बांधायचं. मी अजून हेल्परच आहे. भिलाईजवळच्या उतईचा केवलराम माझ्याआधी रिगर झाला, म्हणजे वर चढून लोखंड बांधणारा. आम्ही दोघं संगंच आलो होतो, भूपेंद्र भैय्यानंच आणलं, तुमच्याच गल्लीतला तो, त्याची बहीण आपल्या मोनासंगं कामाले जाते. आता भैय्या इथं सुपरवायझर आहे. केवलराम हातानं जेवण बनवतो, मेसमध्ये अंडं शिजते म्हणून. कबीरपंथी ना, गळ्यात कंठी. बाकीचे शनिवारी पितात तेव्हा हा केवलरम बाहेर दगडावर बसून भजन म्हणते. आवाज फाटका, पण थांबत नाही.

तुले हे वाचून दाखवणाऱ्या मशीनमधल्या बाईले नमस्कार सांग.

तुझा
मोहित


स्मृति नगर, भिलाई
१५ ऑक्टोबर २०२३

मोहित,

तुला आशीर्वाद, आणि पत्राला दहापैकी तीन मार्क. मशीनमधली बाई तुझ्या चुका जशाच्या तशा वाचते. शेवटी तू केवलरामच्या नावातला एक काना खाल्लास, तर तिनं त्या कंठीवाल्याला रम करून टाकलं. मी एकटीच हसत बसले. मोना म्हणाली, "आई, लॅपटॉपसंगं काय हसून राहिली?"

माझे डोळे काचबिंदूनं गेले त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून कोणी ना कोणी माझा हात धरूनच मला नेत होतं. नेहरू नगरच्या क्लासमध्ये पहिल्यांदा मी कुठंतरी एकटी गेले, ती या फोल्डरांत. शिकवणारे पीयूष सर माझ्यासारखेच, दोन्ही डोळ्यांनी अंध. पहिल्या दिवशी म्हणाले, "काकू, माउस ड्रॉवरमध्ये टाका."

ऐक कसं असतं. विंडोज आणि ई एकत्र दाबलं की सामान ठेवायची जागा उघडते. मग बाई सांगते, "डाउनलोड्स, नऊपैकी तीन." बाणानं एकेक पुढं जायचं. नावाचं पहिलं अक्षर दाबलं तर थेट त्या नावावर उडी. एंटर मारला की आपण त्या फोल्डरात खाली उतरलो. ऑल्ट आणि वरचा बाण मारला की पुन्हा एक पायरी वर. सर म्हणतात, डोळेवाले फोल्डर उघडतात, आपण उतरतो. मीही आता तसंच बोलते, अमुक वर आहे, तमुक खाली आहे. मोनाला ते पटत नाही, पण तिला कुठं उतरावं लागतं?

चुकाही होतात. परवा शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबलं आणि तिच्या मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो गेले. नुसतं डिलीट असतं तर कचऱ्याच्या पेटीतून काढता आले असते. शिफ्टसंगं दाबलं तर कुठूनच नाही. मोना दोन दिवस बोलली नाही.

तू काहीतरी पाठव, फोटो, गाणं, काहीही. तुझ्या नावाचं फोल्डर करून ठेवते. आणि वर चढताना खाली पाहत जा, तोंड वर करून गप्पा मारत नको जाऊ.

आत्या


कॅम्प
२ नोव्हेंबर

आत्या,

केवलराम गेला. परवा मंगळवारी, साडेअकरा वाजता. वरून पडला. मी खाली दोरी धरून होतो.

यासंगं एक व्हिडिओ पाठवला आहे, बेचाळीस सेकंदांचा. त्याच दिवशी सकाळी काढला. मी त्याची मस्करी करायला काढला होता, त्यानं नवा कंगवा घेतला होता म्हणून. पण त्यात तो बेल्ट दाखवते. वर चढल्यावर बेल्टचा हुक लोखंडाले अडकवायचा असते, तो त्याचा बंदच होत नव्हता. त्यात भूपेंद्र भैय्याही बोलते. तू ऐक.

मी माझ्या फोनमधून ते काढून टाकलं. इथं सगळ्यांचे फोन पाहून राहिले. म्हणजे आता ते एकट्या तुझ्याजवळच आहे. मोनाले सांगू नको, भूपेंद्रची बहीण रोज तिच्यासंगं बसते. कोणालेच सांगू नको. फक्त ठेव. अन् आत्या, ते शिफ्टचं बटन.

मी ठीक आहे.

मोहित


स्मृति नगर
६ नोव्हेंबर

मोहित,

ऐकलं. सात वेळा ऐकलं.

मला चित्र दिसत नाही, म्हणून काय ऐकू येतं ते लिहिते, तू ताडून पाहा. आधी वारा. मग तू हसतोस. मग तो म्हणतो, "भैया, ये लॉक नहीं हो रहा, देखो." मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, चार वेळा. चारही वेळा खटका बसत नाही. माझ्या घरच्या कपाटाची कडी अशीच आहे, म्हणून मला कळतं. मग दुसरा माणूस जवळ येतो, त्याच्या बुटाखाली खडी वाजते. "एक दिन चला ले यार, कल नया आ जाएगा. चढ़, क्रेन खड़ी है." हा भूपेंद्र. इथं गल्लीत येऊन काकू काकू करायचा, तोच आवाज. मग केवलराम म्हणतो, "चढ़ता हूँ, कबीर साहेब हैं." आणि पुन्हा हसतो. जीभ कुठं अडखळत नाही त्याची.

कंट्रोल एक्सनं ते डाउनलोड्समधून उचललं. डॉक्युमेंट्समध्ये तुझं फोल्डर, त्याच्यात एक नवीन केलं, एफ टू दाबून नाव दिलं, केवल. तिथं ठेवलं. मोना त्या बाजूला जात नाही.

काल मी रिक्षा करून उतईला गेले होते. त्याची आई हिराबाई भिंतीला टेकून बसली होती. कंपनीच्या कागदात लिहून आलं आहे की माणूस पिऊन चढला, बेल्ट लावला नाही. त्यांच्या पंथातली मेल्यानंतरची चौका-आरती झाली, तर निम्मे लोक आले नाहीत. कंठी बांधून पीत होता म्हणे. ती बाई रडत नाही. येईल त्याला एकच सांगते, "मोर बेटा नइ पियत रिहिस." माझा मुलगा पीत नव्हता. मलाही हात धरून सांगितलं. मी माझ्याजवळ काय आहे ते बोलले नाही, तू नको म्हणालास म्हणून. हात सोडवून घेताना मला लाज वाटली.

आत्या


कॅम्प
१८ नोव्हेंबर

आत्या,

परवा सोमवारी चौकशीचे साहेब येतात. केवलरामजवळ मी एकटाच होतो म्हणून मलेच विचारतील. भूपेंद्रनं कागद आधीच टाइप करून आणला. त्यात लिहिलं आहे का सकाळी त्याच्या तोंडाले वास येत होता, मी चढू नको म्हटलं तरी त्यानं ऐकलं नाही. खाली माझं नाव आहे, सही तेवढी बाकी.

मी म्हटलं, भैय्या, तो तर पीतच नव्हता. तर म्हणे, "तेरे पास क्या सबूत है? वो तो गया, तू अपना देख. तेरा रिगर का कागज मेरी टेबल पे पड़ा है." मारत नाही, शिवी देत नाही. पाठीवर हात ठेवून बोलते. हेच जास्त वाईट.

मी ठरवलं आहे का व्हिडिओ आहे म्हणून सांगीन. साहेबासमोर, सगळ्यांसमोर. पण काल मोनाचा मेसेज आला का तुझा लॅपटॉप बिघडला होता, नेहरू नगरच्या दुकानात दिला, त्यानं सगळं साफ करून दिलं. साफ म्हणजे काय?

आत्या, उतरून पाहा अन् एवढंच सांग, आहे का नाही. दोन ओळी लिही, जास्त नको, इथं सिग्नल पुरत नाही. उद्या संध्याकाळी पाच वाजता मी टेकाडावर उभा राहीन.

मोहित


१९ नोव्हेंबर

मोहित, तुझ्या नावाचं फोल्डर सापडलं. केवलरामचं फोल्डर खाली आहे. घाबरू नको.
आत्या


कॅम्प
२४ नोव्हेंबर

आत्या,

तुझं मिळालं. ते काम झालं. साहेब येऊन गेले, चहा-बिस्कीट झालं, अर्ध्या घंट्यात सगळं आटोपलं.

इथं थंडी आता खूप आहे. सकाळी लोखंडाले हात चिकटते. काल नवीन बेल्ट आले, सगळ्यांना दिले, हिरवे. मोनाले सांग का मी आता हेल्पर नाही, रिगर झालो. पगाराचं पाहू पुढं. केवलरामची खाट रिकामी होती, तिथं एक ओडिशाचा आला, घोरते फार.

तू कशी आहेस? क्लास चालू आहे का? अजून काय शिकवलं पीयूष सरांनी? मोठं पत्र लिही, वेळ आहे माझ्याजवळ.

मोहित


स्मृति नगर
३० नोव्हेंबर

मोहित,

काल हिराबाईचा दीर तेजराम माझ्याकडं आला होता. कंपनीकडून कागदांची नक्कल आली, हिंदीत होती, त्यानं मला वाचून दाखवली. मी म्हटलं, सही कोणाची आहे? तो म्हणाला, तुमच्या भाच्याची. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यानं पुन्हा वाचली.

मग मी थांबले नाही. लॅपटॉप पिशवीत घातला आणि त्याच्या गाडीवर मागं बसून उतईला गेले. ओसरीत सगळे बसले होते. विंडोज आणि ई. डॉक्युमेंट्स. म अक्षर दाबलं, बाई म्हणाली, "मोहित." उतरले. "केवल, एकपैकी एक." उतरले. एंटर मारला आणि त्याचा आवाज त्या ओसरीत आला.

हिराबाई म्हणाली, अउ एक घांव. पुन्हा लाव. मी नऊ वेळा लावलं. दहाव्यांदा तिनं माझा हात धरून थांबवला आणि विचारलं, हा जो हसतो तो कोण? मी म्हटलं, माझा भाचा. तर म्हणाली, मग त्यानं असं का लिहून दिलं?

तुझ्या बापाच्या मागं मी तुला माझ्या ताटात जेवू घातलं आहे, म्हणून विचारण्याचा हक्क आहे मला. मी तुला लिहिलं होतं की आहे, दुकानवाल्यानं नुसती धूळ साफ केली होती. घाबरू नको म्हणून लिहिलं होतं. तरी तू सही केलीस. कावून, मोहित? कशासाठी?

आत्या


कॅम्प
३ डिसेंबर

आत्या,

तू लिहिलं होतं, केवलरामचं फोल्डर खाली आहे. मी वाचलं, रिकामं आहे. इथं सकाळपासून हिंदीतला हाच शब्द कानावर असते. ट्रॉली खाली, डिब्बा खाली, खोली खाली करो. मले वाटलं दुकानवाल्यानं सगळं पुसलं अन् तू मले धीर देऊन राहिली. घाबरू नको म्हणजे, जाऊ दे, गेलं ते गेलं. तुझं पत्र आलं तवा समजलं का तू खाली म्हणजे आतमध्ये, एक पायरी उतरून, असं म्हणत होतीस.

इथपर्यंत लिहिलं अन् परवा पाठवणार होतो. तेवढ्यावरच राहिलं असतं तर बरं होतं. तू म्हटलं असतं, शब्दानं घात केला. पण टेकाडावर चढून दोनदा तसाच परत आलो, पाठवलं नाही.

खरं हे आहे. त्या संध्याकाळी तुझ्या ओळी आल्या तेव्हा सिग्नल गेला नव्हता. आणखी सहा-सात मिनिटं होता, मी घड्याळ पाहिलं. एक शब्द लिहून विचारता आलं असतं, खाली म्हणजे? तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतं का तू कशी बोलतेस, ते पत्रही फोनमध्येच होतं. मी विचारलं नाही. फोन खिशात टाकला. अन् आत्या, मले हलकं वाटलं. वाटलं, चला, आता माझ्या हातात काही नाही. खाली उतरताना मी शिटी वाजवत होतो, हे मले नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी भूपेंद्रनं कागद पुढं केला. काही बोलला पण नाही. मीच पेन मागितला.

आता मी सरळ लिहितो. ३१ ऑक्टोबरच्या सकाळी केवलराम प्यायला नव्हता. हुक बंद होत नाही हे त्यानं सांगितलं, भूपेंद्रनं तरी चढवलं, मी तिथं उभा होतो. वीस तारखेचा कागद खोटा आहे. हे त्याच फोल्डरमध्ये ठेव. हिरा काकीले मशीन लावून हे ऐकव. माझ्यानं तिच्याशी बोलणं होणार नाही.

मोहित


स्मृति नगर
७ डिसेंबर

मोहित,

तुझं पत्र फोल्डरात ठेवलं. हिराबाईला मशीन लावून ऐकवलं नाही, ऐकवणारही नाही. ही बाई सगळं एकाच सुरात वाचते. बाजारभाव, तुझी शिटी, केवलरामचं मरण, तिला सगळं सारखंच. त्या आईला तुझी कबुली मी अशी देणार नाही.

शब्दाचं तेवढं तिला मी सांगितलं. खाली म्हणजे काय आणि खाली म्हणजे काय. वाटलं, निदान थोडं समजेल. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तभो तो देखे रिहिस न?" तरी त्यानं पाहिलं तर होतं ना? फोल्डर रिकामं असतं तरी तो तिथं उभा होता ना?

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी महिनाभर कोणत्या फोल्डरात काय आहे तेच जपत बसले.

दुसरं, माझीही चूक आहे ती ऐक. पाच तारखेला हिराबाईनं हात धरला तेव्हा मी व्हिडिओ लपवला, तुझ्या सांगण्यावरून. त्याच दिवशी बोलले असते तर सही करायची वेळच आली नसती. मी तिला हेही सांगितलं. त्यानंतर तिनं मला चहा विचारला नाही.

मोनाला सगळं सांगितलं. ती भूपेंद्रच्या बहिणीशी भांडून आली, आता एकटी जाते कामाला.

तुला कसं करायचं ते तू पाहा. मी लिही म्हणत नाही, ये म्हणत नाही.

आत्या


१२ डिसेंबर

आत्या,

हे खालच्या गावातून लिहून राहिलो. खाली म्हणजे डोंगराखाली. इथं फोन लागते.

गेट-पास भूपेंद्रच्या टेबलात होता, म्हणून पासाशिवाय निघालो. सिमेंटच्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून आलो, अठरा घंटे. सामान तिथंच राहिलं. निघताना भूपेंद्र गेटवर आला होता. म्हणे, "आज गया तो भिलाई का कोई ठेकेदार तुझे रखेगा नहीं, मैं देखता हूँ." ठेवणार नाहीच. तो सगळ्यांना ओळखते.

इथं चौकशीच्या ऑफिसात गेलो. साहेब नव्हते, बाबू होता. मी सांगितलं, मी सही केली तो कागद खोटा आहे. त्यानं चष्मा काढून मले पाहिलं. "सोच लो भाई. ये बदलोगे तो पहले तुम झूठे बनोगे, केस पहले तुम पर लगेगा. और फिर भी पता नहीं मानेंगे कि नहीं." मी म्हटलं, द्या कागद. लिहायला दीड घंटा लागला. हिंदीत लिहावं लागलं. चुका झाल्या असतील, त्यानं हसत हसत दोन शब्द दुरुस्त केले अन् शिक्का मारला. म्हणे, वर पाठवतो. नक्कल माझ्याजवळ आहे. त्या व्हिडिओची एक प्रत मोनाकडून या ऑफिसच्या ईमेलवर पाठव, पत्ता वेगळा पाठवतो. केवलरामच्या कागदावरचं ते पिऊन चढल्याचं वाक्य निघेल का, हे बाबूलेही माहीत नाही.

उद्या अकरा वाजता मी तुझ्या नंबरवर फोन करीन. तू उतईला जाऊन बस. फोन काकीच्या कानाले लाव अन् तू बाजूले हो. ती ठेवून देईल तर देऊ दे. मी पुन्हा लावीन.

आज दिवसभर इथं चहाच्या दुकानात बसून पहिलं वाक्य पाठ करून राहिलो, छत्तीसगढीत. दुकानवाल्याले वाटते मी भजन म्हणतो. काकी, केवल ह ओ दिन नइ पिए रिहिस. मैं जानत रहेंव, तभो ले लिख देंव. मले माहीत होतं, तरी मी लिहून दिलं. पहिला भाग तोंडातून निघते. दुसऱ्यापाशी अडकतो, अन् पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.

मोहित